साहेब सोबत असताना ‘नको’ कोण म्हणणार?

पत्र, थोडक्यात : पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करणाऱ्या ३४ वर्षांच्या वाचक लिहितात, ‘‘आमच्या विभागाची दर पावसाळ्यात सहल असते. यंदा ती ठरवायचं काम साहेबांनी माझ्यावर टाकलं आहे. आम्ही २२ जण आहोत. त्यात सहा कंत्राटी मुलं, दोन नव्याने लागलेल्या मुली आणि निवृत्तीला आलेले एक काका. श्रावण लागायच्या आत ताम्हिणी घाटात धबधब्याखाली भिजायचं, रात्री मुळशीकडच्या फार्महाऊसवर मुक्काम आणि आखाड पार्टी, असं साहेबांच्या मनात आहे. वर्गणी माणशी २,२०० रुपये. गेल्या वर्षी अशाच सहलीत आमच्यातला एक मुलगा पाण्यात घसरून वाहत गेला होता. गावातल्या दोन पोरांनी त्याला ओढून काढलं. त्याचा व्हिडिओ अजून ग्रुपवर फिरतो आणि सगळे हसतात. यंदा तो ‘घरी काम आहे’ म्हणतोय. मी मूळची महाडजवळची. मी काही बोलले की ‘कोकणातली असून पावसाला घाबरतेस?’ असं ऐकावं लागतं. सहल रद्द करू म्हटलं तर सगळ्यांच्या उत्साहावर विरजण घातल्याचा ठपका येईल, आणि माझी रखडलेली बढती साहेबांच्याच हातात आहे. गप्प बसले आणि काही झालं, तर स्वतःला कधीच माफ करू शकणार नाही. मी काय करू?’’

उत्तर :

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त लागलं ते त्या मुलाचं ‘घरी काम आहे’ हे वाक्य. जो माणूस पाण्यातून जेमतेम वाचला, त्याला ‘मला आता धबधब्यावर यायचं नाही’ एवढं साधं वाक्य बोलता येत नाही. त्याला घरचं काम पुढे करावं लागतं. आणि माझी खात्री आहे की तुमच्या २२ जणांत असा तो एकटा नाही. काकांना ओल्या कातळावर गुडघ्यांची धास्ती वाटत असेल. त्या दोन नव्या मुलींना रात्रीच्या मुक्कामाबद्दल घरी काय सांगायचं हा प्रश्न असेल. कंत्राटी मुलांना २,२०० रुपये जड जात असतील. पोहता न येणारे किती आहेत हे तर कुणी विचारलेलंच नसेल. प्रत्येकाकडे एक ‘नको’ आहे आणि तो गिळून प्रत्येक जण ग्रुपवर अंगठा दाखवतोय, कारण विचारणारे साहेब आहेत.

पावसाळी सहलीचा धोका आपण पाण्यात शोधतो. ऑफिसच्या सहलीत तो त्याच्या बराच आधी, या न बोललेल्या नकारापाशी सुरू होतो, असं मला वाटतं. मित्रांच्या टोळीत कुणी तरी ओरडतं, ‘बास झालं, बाहेर ये आता.’ साहेब कमरेएवढ्या पाण्यात उभे असतील तर ते वाक्य कोण बोलणार? उलट काठावर बसलेल्यालाच ‘अरे ये की, काय म्हाताऱ्यासारखा बसलास’ अशी हाक येते, आणि ज्याला यायचं नसतं तोही उतरतो. तेव्हा सहल ठरवणारी म्हणून तुमचं पहिलं काम एवढंच आहे : तुमच्यातल्या कुणालाही कुठल्याही क्षणी ‘नको’ म्हणता येईल आणि त्याची किंमत मोजावी लागणार नाही, अशी सहल आखायची. ठिकाण, वाहन, मुक्काम, पैसे हे सगळं त्याच्या मागून येतं.

आता तुमच्या काही गृहीतकांबद्दल बोलते. रागावू नका.

‘कोकणातली असून घाबरतेस’ हे तुम्ही मनाला लावून घेतलंय. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पडला आणि दोन एसट्या प्रवाशांसकट वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ ला महाड शहर पाण्याखाली होतं आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. त्या भागात ज्यांचं घर आहे त्यांना पाऊस म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. वाडीवरची माणसं पावसात वहाळ ओलांडायचा की नाही हे पाण्याच्या रंगावरून ठरवतात, आणि थांबायचं ठरलं तर तासन्‌तास थांबतात. त्यांना कुणी घाबरट म्हणत नाही. तुमच्यात जे आहे त्याला भीती म्हणू नका. ते तुमच्या गावाने तुम्हाला शिकवलेलं आहे. चर्चेत ते तसंच मांडा, आवाज न चोरता.

दुसरं असं की तुम्ही स्वतःपुढे दोनच रस्ते ठेवलेत : सहल रद्द करणं किंवा गप्प बसणं. रद्द करू नका, असं मी मनापासून सांगेन. खोली भाड्याने घेऊन राहणारी ती कंत्राटी मुलं, दिवसभर संगणकासमोर व्हाउचरं बडवणारी तुम्ही सगळी, यांना पावसात डोंगर बघायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. आपल्याकडच्या रखरखीत आठ महिन्यांनंतर सह्याद्री जो हिरवा होतो, त्याचं वेड कुणाला नसावं? आणि ज्याच्याशी वर्षभर फक्त बिलांवरून बोलणं होतं, त्या माणसाच्या शेजारी बसून भजी खाल्ली की पुढचं वर्ष थोडं सोपं जातं, हेही खरं आहे. इच्छा रास्त आहे. फक्त सहल म्हणजे धबधब्याखालीच उभं राहायचं, हे कुणी ठरवलं?

तिसरं गृहीतक सगळ्यात जड आहे. काही झालं तर दोष तुमचा, असं तुम्ही आत्ताच ठरवून टाकलंय. सहल ऑफिसची आहे, साहेबांच्या इच्छेने आहे, तिची जबाबदारी त्यांच्यावर आणि कंपनीवरही आहे. तुम्ही एकट्याने ती वाहायची नाही. तुम्ही ती वाटून द्यायची आहे, आणि ती कशी, ते पुढे सांगते.

आधी ताम्हिणीबद्दल, कारण तुमच्यासारखी पत्रं दर जुलैत येतात आणि त्यांत हे नाव बहुतेक असतंच.

वरंधा घाट बहुतेक पावसाळ्यांत बंद केला जातो, त्यामुळे गावी जाताना तुम्ही ताम्हिणीतूनच जात असाल. तो घाट किती देखणा आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पण हवामान खातं २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की त्याला सर्वांत वरच्या श्रेणीत टाकतं, आणि २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणीत साडेपाचशे मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला होता. आषाढात तिथे असं होऊ शकतं. आखाड साधायचा म्हणून आपण नेमका वर्षातला सर्वांत जोरकस पाऊस निवडतो, हे साहेबांच्या लक्षात आणून द्यायला हरकत नाही.

सह्याद्रीतल्या धबधब्याचं पाणी कसं वाढतं तेही सगळ्यांना सांगा. वर पठार असतं, खाली काळा कातळ, त्यावर मातीचा पातळ थर. जूनमधल्या पावसाने ती माती भिजून तृप्त झाली की पुढचा पाऊस मुरत नाही. उतरत्या पत्र्यावरून यावा तसा तो सगळाच्या सगळा खाली येतो. ढग पठारावर फुटतो आणि तुम्ही उभे असता दरीत, कधी कधी चक्क उन्हात. तुमच्या डोक्यावर थेंब नसताना पाणी घोट्यावरून कमरेवर यायला काही मिनिटं पुरतात. पाणी गढूळ किंवा तांबूस झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज जाड झाला, की सामान, चपला, मोबाइल तिथेच टाकून बाजूच्या चढावर निघायचं. प्रवाहाच्या दिशेने खाली पळायचं नाही आणि पाणी ओलांडून ‘आपल्या’ काठाला जायचा प्रयत्नही करायचा नाही.

३० जून २०२४ ला, रविवारी, लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांनी कुठे उडी मारली नव्हती, कसली शर्यत लावली नव्हती. ते प्रवाहात उभे होते आणि पाणी वाढल्यावर एकमेकांना घट्ट धरून मधल्या कातळावर अडकले. त्याच शनिवार-रविवारी ताम्हिणीच्या प्लस व्हॅलीत, गटाबरोबर सहलीला आलेला एक धडधाकट माणूस कुंडात उडी मारल्यावर वाहून गेला. म्हणजे साखळी करून उभं राहिल्याने कुणी वाचत नाही आणि अंगात ताकद असल्यानेही नाही. ‘आपण सगळे हात धरून उभे राहू’ ही कल्पना ऑफिसच्या सहलीत हमखास निघते. ती निघाली की थेट ‘नाही’ म्हणा.

कोरड्या जागी उभं राहिल्यानेही धोका संपत नाही. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला, चार जण गेले. धोकादायक ठरलेल्या पुलावर रविवारची गर्दी उभी होती. त्या नदीपात्रात रांजणखळगेही आहेत. भोवऱ्याने कातळात कोरलेले ते खोल खड्डे, गढूळ पाण्याखाली दिसतच नाहीत.

आणखी एक बाब पक्की विचारून घ्या. पुणे आणि रायगड जिल्ह्यांत पावसाळ्यात अनेक धबधबे, धरणं, गड यांच्या परिसरात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश लागू होतात. खोल पाण्यात उतरणं, धोक्याच्या जागी सेल्फी काढणं, उघड्यावर दारू पिणं, कर्णे लावणं हे सगळं त्यात येतं. जंगलाचा भाग असेल तर वनखात्याचे नियम वेगळे. त्या त्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात एक फोन केला की कळतं. आदेश लागू असेल तर तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो, कारण मग ‘नको’ तुम्ही म्हणत नाही, सरकार म्हणतं. साहेबांना हा मार्गही दाखवता येईल.

मग जायचं कुठे? तुमच्यासारख्या मिश्र गटाला, वय २२ पासून ५७ पर्यंत, मी पहिलं नाव भाजे लेण्यांचं सुचवेन. पिंपरी किंवा चिंचवडहून लोणावळा लोकल धरायची आणि मळवलीला उतरायचं. द्रुतगती मार्ग ओलांडून चालत अर्ध्या-पाऊण तासात भाजे गाव येतं आणि मग पायऱ्या. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोरलेली २२ लेणी. चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी अजून आहेत. मुख्य म्हणजे डोक्यावर दगडाचं छप्पर आहे. समोर मावळ पसरलेलं, पावसाच्या सरी खोऱ्यावरून सरकताना दिसतात, वर लोहगड-विसापूर धुक्यात बुडालेले असतात, आणि तुम्ही कोरड्या जागी बसलेले. ज्याला भिजायचंय त्याने वाटेवर हवं तेवढं भिजावं. पावसात भिजण्यासाठी धबधबा लागत नाही. गर्दी नको असेल तर कामशेतजवळची बेडसे लेणी त्याहून शांत आहेत, फक्त तिथे पायऱ्या जास्त आहेत, काकांना आधी विचारा. भाज्याच्या वाटेवरही धबधबे लागतात आणि सुट्टीच्या दिवशी तिथे झुंबड असते. तुमच्या कारखान्याला, पिंपरी-भोसरीतल्या बऱ्याच कारखान्यांसारखी, गुरुवारची सुट्टी असेल तर त्यासारखं सुख नाही.

लोकल सुचवण्यामागे आणखी एक कारण आहे आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. खासगी बसने गेलं की २२ जण एका दाराला बांधलेले असतात. कुणाला बरं वाटेना, कुणाला घरून फोन आला, कुणाला मद्यपींच्या गोंगाटात बसायचं नसेल, तरी साहेब उठेपर्यंत निघता येत नाही. लोकलने गेलं तर ज्याला हवं तेव्हा, कुणाची परवानगी न घेता परतता येतं. घाटात धुक्यातून गाडी हाकणाऱ्या, रात्रभर नीट न झोपलेल्या चालकाची चिंताही उरत नाही. दुपारी या मार्गावर लोकलमध्ये मोठा खंड असतो, तेवढं वेळापत्रक बघून ठेवा.

जेवण भाजे किंवा आसपासच्या गावात एखाद्या घरी आधी सांगून ठेवा. पिठलं, भाकरी, ठेचा, इंद्रायणी तांदळाचा गरम भात. ज्यांना आखाडाचं मटण हवंच आहे त्यांच्यासाठी तेही सांगता येतं. पैसे गावात राहतात आणि दुसरी एक गोष्ट होते : गावातल्या एका घराशी तुमची ओळख होते, त्यांचा नंबर तुमच्याकडे असतो, आणि ‘आज तिकडे जाऊ नका ताई, पाणी जोरात आहे’ असं सांगणारं माणूस तुम्हाला मिळतं. जुलैत मावळात भाताची लावणी चालू असते. खाचरात उतरून फोटो काढायचा मोह होतो. ते एका कुटुंबाचं वर्षाचं पोट आहे, बांधावरूनच बघायचं, हे मंडळींना निघण्याआधी सांगा.

गेल्या वर्षी ज्या दोन पोरांनी तुमच्या सहकाऱ्याला ओढून काढलं, त्यांना नंतर कुणी फोन केला का? गावातली अशी मुलं, लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक, पावसाळाभर दुसऱ्यांच्या सहलींसाठी स्वतःचा जीव पणाला लावतात. त्या व्हिडिओवर हसताना ती दोन मुलं कुणाला दिसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटलं.

आता विचारायचं कसं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर मतदान घेऊ नका. तिथे कुणी कशाला मत दिलं हे सगळ्यांना दिसतं, साहेबांनाही. एकेकाला चहाच्या वेळी गाठा किंवा निनावी चिठ्ठ्या घ्या. ‘येणार ना?’ असं विचारू नका, त्या प्रश्नात उत्तर आधीच कोंबलेलं असतं. असं विचारा : दिवसाची सहल बरी की मुक्काम? पाण्याजवळ जायचं की लांबून बघायचं? किती पैसे जमतील? येणं जमत नसेल तर नुसतं ‘नाही’ लिहा, कारण नको. हे ‘कारण नको’ मोठ्याने सांगा. पाळी असेल, घरी सासऱ्यांचं आजारपण असेल, हप्ता थकला असेल, ते सगळं ऑफिससमोर मांडायची वेळ कुणावर येऊ नये.

पैशांचं म्हणाल, तर कंत्राटी मुलांकडून कायम नोकरदारांइतकीच वर्गणी घेणं मला पटत नाही. कंपनीकडून काही रक्कम मिळते का ते साहेबांना विचारा. नाही मिळाली तर खर्चच इतका खाली आणा की प्रश्न उरणार नाही. लोकल आणि गावातलं जेवण यात २,२०० रुपये लागत नाहीत.

मुक्काम टाळा. तुमच्या विभागात बायका आहेत, नव्या मुली आहेत आणि पार्टीत दारू असणार आहे. ऑफिसच्या सहलीला हे लक्षात ठेवून जायला हवं की २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा ऑफिसच्या चार भिंतींपुरता नाही. कामाच्या निमित्ताने कर्मचारी जिथे जातात ती जागा आणि कंपनीने केलेलं वाहन, दोन्ही त्यात येतात. फार्महाऊसवर कुणी मर्यादा सोडली तर ‘ते ऑफिसबाहेर झालं’ असं म्हणून कुणालाही सुटता येत नाही, आणि तक्रार कंपनीच्या अंतर्गत समितीकडे करता येते. हे त्या दोन मुलींना माहीत असायला हवं. साहेबांनाही.

साहेबांशी एकट्याने आणि लवकर बोला, सगळ्यांसमोर नको. चारचौघांत त्यांची कल्पना खोडली तर ते तिला चिकटून बसतील. हातात कागद घेऊन जा. मी असं काही बोलेन : ‘‘सर, मी सगळ्यांना विचारलं. इतक्या जणांना मुक्काम जमत नाही, इतक्यांना पोहता येत नाही. ताम्हिणीच्या धबधब्यांबद्दल पोलिसांकडे चौकशी केली, हे कळलं. गेल्या वर्षी आपला मुलगा थोडक्यात वाचला. मी भाज्याचा बेत आखलाय, हा खर्च, ही गाडीची वेळ. सगळे येऊ शकतील असा हाच आहे. आणि सर, एक काम फक्त तुम्हीच करू शकता. आपण पाण्यात उतरणार नाही, मी स्वतः उतरणार नाही, हे तुम्ही आधीच सगळ्यांना सांगाल का? तुम्ही म्हटलंत की कुणाला कमीपणा वाटणार नाही.’’

हे शेवटचं मागणं विसरू नका. जबाबदारी वाटून देणं म्हणते ते हेच. साहेबांनी सर्वांदेखत आपला ‘नको’ उच्चारला की बाकी एकवीस जणांचे नको मोकळे होतात. आणि बरेच साहेब हे आनंदाने करतात, असं मला वाटतं. कुणी तरी विचारावं याची तेही वाट बघत असतात. वरच्या माणसाने हौशी दिसायलाच हवं असं त्यांनीही धरून ठेवलेलं असतं.

नाही ऐकलं तर? तर तुमच्यापुढे खरी अडचण आहे आणि ती मी हलकी करून सांगणार नाही. तेव्हा नम्रपणे, ईमेलवर, दोन ओळींत लिहा की धबधब्याची आणि मुक्कामाची व्यवस्था करणं तुम्हाला सुरक्षित वाटत नाही, म्हणून हे काम दुसऱ्या कुणाकडे द्यावं; पर्यायी बेत सोबत जोडला आहे. कुणावर आरोप नको. मनुष्यबळ विभाग असेल तर त्यांना प्रत पाठवायची की नाही हे तुमच्या कंपनीचा स्वभाव बघून ठरवा. साहेब काही दिवस तुटक वागतील, कदाचित बढतीवर परिणामही होईल. बढती रखडण्याला सहलीआधीचीही काही कारणं असणार. त्यांच्याबद्दल साहेबांशी वेगळं बोलायला हवं आणि ते बोलणं सहलीच्या खूश-नाराजीवर टांगून ठेवू नका. पण या एका बाबतीत, जिथे कुणाचा जीव जाऊ शकतो, तिथे साहेबांची नाराजी सोसावी असं मला स्पष्ट वाटतं. आणि त्या सहलीला तुम्ही स्वतः जाऊ नका. ‘घरी काम आहे’ न म्हणता.

त्या मुलाशी मात्र आधी बोला. तो घाबरलाय असं तुम्ही धरून चाललात, मीही वर तेच धरलं. खरंच घरी काम असेल. ‘‘गेल्या वर्षी मी तिथे होते. मला ते हसण्यासारखं वाटलं नव्हतं,’’ एवढंच म्हणा आणि थांबा. बोलला तर ऐका. तो व्हिडिओ ग्रुपवरून काढायला हवा असं त्याला वाटत असेल तर टाकणाऱ्याला तुम्ही सांगा, त्याला सांगायला लावू नका. आणि साहेबांशी बोलताना त्याचा दाखला द्यायचा तर त्याला विचारून. तो नको म्हणाला तर वरच्या बोलण्यातलं ते वाक्य गाळा, तुमची बाजू त्याच्याशिवायही पुरेशी भक्कम आहे.

प्रत्यक्ष दिवसाचं थोडक्यात सांगते. दोघा-दोघांच्या जोड्या लावा, निघताना आणि परतताना मोजणी जोड्यांनी करा. पायात पकड असलेले बूट हवेत. शेवाळलेल्या पायऱ्यांवर चपला आणि गुळगुळीत तळव्याचे बूट दगा देतात. दुपारी तीनच्या सुमारास उतरायला लागा, पावसाळ्यात डोंगरात अंधार लवकर येतो. कुठे गेलोय, किती जण आहोत, कधी परतणार हे मागे राहिलेल्या एकाला सांगून ठेवा. ११२ हा क्रमांक, १०८ ची रुग्णवाहिका, जेवण करणाऱ्या घराचा आणि गावच्या पोलीस पाटलाचा नंबर चार-पाच जणांच्या मोबाइलमध्ये हवा. भिजून एकच फोन बंद पडला की सगळं अडतं. कुणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी मारायची नाही. काठावरून दोरी, ओढणी, फांदी, जे हाताला लागेल ते फेकायचं आणि गावकऱ्यांना हाक मारायची.

तारीख ठरवताना जीएसटीचं विवरणपत्र भरायची २० तारीख उलटलेली बघा, नाही तर अर्धा विभाग डोंगरावर लॅपटॉप घेऊन येईल. आदल्या संध्याकाळी सहा वाजता हवामान खात्याचा इशारा बघायचा. पुणे जिल्ह्याच्या घाटभागासाठी केशरी किंवा लाल असेल तर सहल पुढे ढकलायची. हा नियम बेत जाहीर करतानाच ग्रुपवर लिहून टाका, म्हणजे त्या संध्याकाळी कुणाशी वाद घालावा लागणार नाही. लोकलची तिकिटं आगाऊ काढायची नसतात आणि जेवणवाल्या घराला थोडी आगाऊ रक्कम दिली असेल तर ती त्यांच्याकडेच राहू द्या, पुढच्या खेपेला वळती होईल. दुसरी तारीख आजच ठरवा. श्रावणातला मधला एखादा दिवस चांगला, तोवर पाऊस ऊन-सावलीचा झालेला असतो. मटण मिळणार नाही, पण सप्टेंबरअखेरच्या ऑडिटची घाईही अजून सुरू झालेली नसते.